खांबातला मल्ल : खोट्या प्रतिस्पर्ध्याचा इतिहास



मल्लखांब हा शब्द आपल्या तोंडात इतका रुळला आहे की त्यातला मल्ल आपल्याला ऐकूच येत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणपतीच्या मिरवणुकीत, सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात खांबावर उलटी लटकलेली मुलं आपण पाहतो, टाळ्या वाजवतो आणि पुढे जातो. पण नाव जरा सावकाश उच्चारून बघा. हा मल्लाचा खांब आहे, कुस्तीगिराचा खांब. मला त्यात आणखी एक अर्थ दिसतो. मल्ल हजर नसताना त्याच्या जागी उभा राहिलेला खांब.

आजची गोष्ट या जागेवर उभ्या राहणाऱ्यांची आहे. लढायला शिकायचं तर समोर कुणीतरी हवं. पण समोरचा रोज मिळत नाही, मिळाला तरी दमतो, आणि मुख्य म्हणजे त्याला लागतं. म्हणून माणसानं फार जुन्या काळापासून खोटा प्रतिस्पर्धी तयार केला आहे. कधी लाकडाचा, कधी गवताचा, कधी वाळू भरलेल्या पोत्याचा. या सगळ्यांचा इतिहास वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तो कशाचा बनवला यापेक्षा तो कशाला आणि कसा बांधला, यावर शिकणारा काय शिकणार हे ठरतं. पुरला की एक विद्या येते, टांगला की दुसरी येते.

हा विषय मी का घेतला तेही सांगतो. मी राहतो इरुंगाट्टुकोट्टैच्या जवळ. चेन्नईहून बंगळूरच्या हमरस्त्याला लागलं की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे हे गाव येतं. एका बाजूला सिपकॉटची औद्योगिक वसाहत. ह्युंदाईची भारतातली पहिली गाडी १९९८ मध्ये इथूनच बाहेर पडली. जवळच मोटार शर्यतींचा ट्रॅक आहे. वसाहतीत गाडीचा एकेक भाग बनवणारे किती कारखाने आहेत ते मोजत बसू नका. माझं काम शॉक ॲब्सॉर्बरच्या चाचणीचं. म्हणजे गाडी खड्ड्यात गेल्यावर किती वेळ हेलकावे खाते आणि ती लवकर शांत कशी करायची, हे बघायचं.

आमच्या भागात एक गृहस्थ संध्याकाळी पत्र्याच्या शेडमध्ये कामगारांच्या मुलामुलींना बॉक्सिंग शिकवतात. चेन्नईला बॉक्सिंगचं मोठं वेड आहे. उत्तर चेन्नईत आपल्याकडच्या तालमींसारखी बॉक्सिंगची घराणी होती, त्यांना तिकडे ‘परंबरै’ म्हणतात. पा. रंजित यांचा २०२१ चा ‘सारपट्टा परंबरै’ हा सिनेमा ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे जग ओळखीचं वाटेल. तर या मास्तरांची तक्रार होती की छताला टांगलेली बॅग झोपाळ्यासारखी हलते, माणसासारखी हलत नाही, आणि मुलं झोपाळ्याशी लढायला शिकतात. गाडीचे हेलकावे थांबवता, तर माझ्या बॅगचं काहीतरी करा, असं त्यांनी मला सांगितलं. कागदावर रेघ ओढण्याआधी मी जुन्या लोकांनी काय केलं ते वाचायला घेतलं. आजचं बोलणं त्या वाचनातून आलेलं आहे.

सुरुवात रोमपासून करू. चौथ्या-पाचव्या शतकाच्या आसपास व्हेजिशियस नावाच्या लेखकानं रोमन सैन्याच्या जुन्या शिस्तीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात नव्या शिपायाला तलवार कशी शिकवायची ते आहे. प्रत्येक शिपायासाठी जमिनीत एकेक खांब पुरायचा. तो जमिनीवर सहा फूट असावा, म्हणजे साधारण माणसाएवढा. शिपायाच्या हातात लाकडी तलवार आणि वेताची विणलेली ढाल, दोन्ही खऱ्या शस्त्राच्या दुप्पट वजनाची. आता गंमत बघा. खांब हलता कामा नये, असा पुरावा, हे तो मुद्दाम सांगतो.

का बरं? शत्रू तर हलतो. पण रोमन सैन्य रांगेत लढत असे, खांद्याला खांदा लावून. शिपायानं पुढे घुसायचं, वार करायचा, मागे यायचं, आणि हे करताना आपलं अंग उघडं पडू द्यायचं नाही. शिकवायची होती ती स्वतःची शिस्त. समोरच्यानं काय करायचं हा प्रश्न त्या धड्यात नव्हताच. मग खांब घट्ट पुरला हे बरोबरच झालं. धडा आधी ठरला आणि पाया त्याप्रमाणे घातला गेला.

पुढे मध्ययुगात युरोपातल्या घोडेस्वारांनी उलटं केलं. त्यांनी उभ्या खुंटावर एक आडवा दांडा असा बसवला की तो गरगर फिरेल. दांड्याच्या एका टोकाला ढाल, दुसऱ्या टोकाला वाळूचं पोतं. स्वार भाला रोखून दौडत येतो, ढालीवर मारतो, दांडा फिरतो आणि मागून पोतं येऊन पाठीत बसतं. वाचायचं असेल तर मारून लगेच पुढे निसटायचं. इथे खोटा प्रतिस्पर्धी पहिल्यांदा उलट मारायला लागला, आणि तो मारतो ते केवळ बिजागरीच्या जोरावर. लाकूड तेच, पोतं तेच. फिरती कडी आली आणि धडा बदलला.

आता आपल्याकडे येऊ. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातलं. उदगीर-निलंग्याकडचे जे ऐकत असतील त्यांना हे गाव शेजारचं. ग्रंथ ११३० च्या आसपासचा. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं त्यात आहे. महाराष्ट्रातल्या बाया कांडण करताना ओव्या म्हणतात, हा सुंदर उल्लेखही त्यातलाच. याच ग्रंथात मल्लविनोद नावाचं प्रकरण आहे. पैलवानांनी कोणकोणते श्रम करावेत याची तिथे यादी येते. भारश्रम म्हणजे वजनाचा, सलिलश्रम म्हणजे पाण्यातला, आणि त्यातच एक स्तंभश्रम, म्हणजे खांबावरचा. तेव्हा आपल्या भागात नऊशे वर्षांपूर्वी पैलवान खांबाशी झुंजत होते, एवढं नक्की.

मधे साडेसहाशे वर्षं जातात आणि आपण दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात येतो. बाजीराव पेशवेपदावर आला १७९६ मध्ये. त्याच्या काळातली आखाड्यात सांगितली जाणारी कथा तुम्ही ऐकली असेल. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब असे दोन नामांकित पैलवान आले आणि त्यांनी आव्हान दिलं. कुणी पुढे येईना. बाळंभटदादा देवधर या तरुणानं ते स्वीकारलं आणि तयारीसाठी वेळ मागून घेतला. तो वणीच्या सप्तशृंगीला गेला, देवीची उपासना केली, आणि तिथे झाडांवरच्या माकडांच्या उड्या बघून त्याला लाकडी खांबावरचे डाव सुचले. परत येऊन त्यानं एकाला चीत केलं आणि दुसऱ्यानं मैदान सोडलं. कुणी म्हणतं प्रत्यक्ष हनुमंतानं शिकवलं.

कथेतला दैवी भाग ज्यानं त्यानं आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला तिच्यातली एक तांत्रिक गोष्ट फार आवडते. माकड हलतं, झाड हलत नाही. कुस्तीत दोघंही हलतात, आणि म्हणून नवख्याला कळत नाही की आपला तोल कुणामुळे गेला. झाड स्थिर ठेवलं की सगळी जबाबदारी माकडावर येते. खांब पुरण्यामागची युक्ती हीच आहे. प्रतिस्पर्ध्याला जागच्या जागी थिजवून टाका आणि त्याच्याभोवती तुम्ही वर, खाली, उलटे, सुलटे फिरा. चूक झाली तर ती तुमचीच, खांबाकडे बोट दाखवता येत नाही.

आणि खांब नुसता वासा नाही हेही बघा. तो शिसवी किंवा सागवानी लाकडाचा असतो, खाली जाड, वर निमुळता होत जाणारा. वर एकदम बारीक होतो, त्या भागाला मान म्हणतात. मानेवर बोंड असतं. लाकडाला एरंडेल चोळलेलं असतं. पायांनी विळखा घालायचा, त्याला अढी म्हणतात. बगलेत पकडायचं, तिला बगली. मानेला धरायचं, मांड्यांनी आवळायचं. शब्द ऐकलेत? मान, अंग, बगल. खांबाच्या अंगावर आपण पैलवानाचं शरीर वाचतो आहोत. तेलकट लाकूड हातातून निसटतं, जसं घामानं निथळणारं अंग निसटतं.

पण पुरलेल्या खांबात एक उणीव राहतेच. तो तुमचं ओझं निमूटपणे सोसतो. तुम्ही त्याच्यावर अंगाला पीळ दिलात, तर तेवढाच उलटा पीळ खांबामार्फत जमिनीत जातो आणि जिरतो. जमीन तुमची उधारी फेडते, तुम्हाला पत्ताही लागत नाही.

आपल्या तालमींनी यावर उपाय काढला तो टांगता मल्लखांब. आकारानं लहान खांब, वरच्या टोकाला हुक, साखळी, आणि जमिनीपासून अधांतरी. इथे दोन गोष्टी एकदम सुटतात. खांब झुलतो आणि स्वतःभोवती फिरतो. तुम्ही उजवीकडे वळायला गेलात की खांब डावीकडे जातो, कारण पीळ जिरवायला जमीन उरलेली नाही. अंग फेकलंत की खांब तुमच्यासकट झोक्यावर जातो. पुरलेल्या खांबावर पोरगा वर्षभर जे घटवतो, ते टांगत्यावर पहिल्या दिवशी निम्मंही जमत नाही. लाकूड तेच, पोरगं तेच, फक्त टांगायची तऱ्हा बदलली. याच्याही पुढे निराधार मल्लखांब आहे. खांब पुरायचा नाही, टांगायचा नाही, नुसता उभा ठेवायचा. मग तोल खांबाचाही सांभाळायचा आणि स्वतःचाही.

एका ओळीत सांगायचं तर पुरलेला खांब तुम्हाला स्वतःचं अंग शिकवतो आणि टांगता खांब तुम्हाला तुमच्या प्रत्येक हालचालीची किंमत शिकवतो. यांत्रिकीच्या पुस्तकात क्रिया आणि प्रतिक्रिया म्हणून जे येतं, ते आपल्या उस्तादांनी साखळीला हुक लावून शिकवलं होतं.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि बाजीराव कानपूरजवळ बिठूरला गेला. परंपरा सांगते की ही विद्याही त्याच्या माणसांबरोबर उत्तरेला गेली, काशीपर्यंत पोचली. पुढे बडोद्यात तिला मोठा आश्रय मिळाला. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रोफेसर माणिकराव ही नावं बडोदेकरांना सांगायला नकोत. बडोद्याच्याच दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ पासून पुढच्या तेरा वर्षांत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, सगळं चित्रांसकट. त्याच १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी जाऊन भारतीय व्यायामप्रकार दाखवून आलं. म्हणजे आज आपण जे राज्याराज्यांत विखुरलेले मराठी लोक आहोत, त्यांच्या आधी हा खांब राज्याराज्यांत पोचला होता.

आता थोडं पूर्वेकडे जाऊ, कारण हाच प्रश्न हाँगकाँगमध्ये एका वेगळ्याच अडचणीतून सुटला. विंग चुन नावाची चिनी युद्धकला आहे. ब्रूस लीचे गुरू इप मॅन तिचे मोठे शिक्षक. तिच्यात लाकडी खांबाला तीन हात आणि एक पाय बसवलेला पुतळा असतो आणि त्याच्यावर सराव करायचा असतो. तो पूर्वी जमिनीत पुरत. इप मॅन १९५० च्या सुमारास हाँगकाँगला आले, आणि तिथे लोक राहत होते मजल्यांवरच्या खोल्यांत. तिसऱ्या मजल्यावर खांब पुरणार कुठे? म्हणून १९५० च्या दशकात पुतळा दोन आडव्या लाकडी पट्ट्यांवर टांगून चौकटीत बसवायची पद्धत आली. पट्ट्या लवचीक. पुतळ्याला ढकललं की तो थोडा मागे जातो आणि पट्ट्या त्याला परत पुढे आणतात. सराव करणाऱ्यांच्या लक्षात आलं की पुतळ्यात जिवंतपणा आला. ज्या हाताला जोर लावला तो हात दबतो, पण लगेच परत दाबतो. जागेच्या टंचाईतून आलेली तडजोड पुढे त्या पुतळ्याचा गुण ठरली.

बॉक्सिंगची बॅग या सगळ्यांत साधी. कातड्याचं किंवा कॅनव्हासचं पोतं, साखळी, छताला कडी. स्वस्त आणि टिकाऊ. आणि तिच्या स्वस्ताईमुळेच तिच्या टांगणीचा विचार फारसा कुणी करत नाही.

तो का करायला हवा ते सांगतो. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. बॉक्सिंगच्या जगात एक बोलीतला शब्द होता, ठोसे खाऊन झिंगलेला. जुने बॉक्सर चालताना अडखळतात, बोलताना अडखळतात, विसरतात, आणि लोक त्यांना हसतात. मार्टलँडनी सांगितलं की हे हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही, डोक्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या माराचा तो मेंदूवरचा परिणाम आहे. पुढच्या संशोधनानं हे आणखी पक्कं केलं. आणि हा मार सगळाच काही रिंगणातल्या लढतीत बसत नाही. लढती वर्षातून मोजक्या, सरावाच्या झुंजी आठवड्यातून कितीतरी. प्रेक्षक नसतात, पंच नसतो, गुण नसतात, पण डोकं तेच असतं.

म्हणजे हिशेब असा आहे. जी गोष्ट बॅग शिकवू शकत नाही, ती शिकायला मूल दुसऱ्या मुलापुढे उभं राहतं आणि दोघांच्या डोक्याला मार बसतो. बॅगनं आणखी एक धडा शिकवला तर तेवढे ठोसे वाचतात. टांगणीचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो तो एवढ्यासाठी.

अमेरिकन प्रशिक्षक कस डिमाटो यांनी यावर आपल्या परीनं उत्तर शोधलं. १९६५ मध्ये त्यांचा शिष्य होजे टोरेस याची जगज्जेतेपदाची लढत विली पास्ट्रानोशी होती. डिमाटोंनी गाद्या एका चौकटीला गुंडाळल्या, त्यावर माणसाची आकृती काढली, डोकं, जबडा, यकृत यांच्या जागांना आकडे दिले, आणि आकडे पुकारून सराव करवला. बॅगला नावही पडलं विलीचं. टोरेस जिंकला. पुढे माईक टायसनही या पद्धतीत तयार झाला. डिमाटोंनी बॅग हलू दिली नाही, कारण त्यांना शिकवायचं होतं नेम आणि क्रम. रोमन खांबाचाच हा विसाव्या शतकातला वारस.

आमच्या मास्तरांना मात्र पाय शिकवायचे होते. मारल्यावर समोरचा मागे सरकतो, तेव्हा आपले पाय कुठे असतात? आता इथे थोडं गणित करू, घाबरू नका.

छताला टांगलेली बॅग म्हणजे लंबक. लंबकाचा एक झोका पुरा व्हायला किती वेळ लागतो हे त्याच्या लांबीवर ठरतं, वजनावर ठरत नाही. ही गोष्ट गॅलिलिओपासून आपल्याला माहीत आहे. कडीपासून बॅगच्या मध्यापर्यंत दीड मीटर अंतर धरा. एक पूर्ण झोका सुमारे अडीच सेकंदांचा. बॅग वीस किलोची असो की साठ किलोची, मूळ जागी परत यायला तिला सव्वा सेकंदच लागणार. साठ किलोची बॅग कमी अंतर जाईल एवढंच. मूल चार दिवसांत हा ताल पकडतं आणि मग ताल बघून ठोसे मारतं. माणसाला असा ताल नसतो.

दुसरा फरक याहून खोल आहे. लंबकाचा आधार वर असतो. त्याला कितीही ढकला, तो आपल्या सर्वांत खालच्या बिंदूकडे परत येतो. तो बिंदू कडीच्या बरोबर खाली, आणि कडी छताला पक्की. माणसाचा आधार खाली असतो, पायांत. तो उलटा लंबक आहे. ढकलला की पडायला लागतो, आणि पडू नये म्हणून पाऊल टाकतो. पाऊल टाकलं की त्याचा आधारच नव्या जागी जातो. तो जुन्या जागी परत यायला बांधील नसतो. लंबक परत येतो आणि माणूस सरकतो, बॅगमधली खोट म्हणतात ती ही.

मग बॅगला पाऊल टाकायला कसं लावायचं? उत्तर माझ्या डोक्यावरच होतं. कारखान्यात जड इंजिनं उचलून न्यायला छताखाली रेल असते आणि तिच्यावर चाकांची ट्रॉली. कडी छताला न ठोकता ट्रॉलीला लावली की आधाराचा बिंदू सरकतो. पण ट्रॉली अगदी मोकळी ठेवली तर गंमत होते. तिला मागे खेचणारं कुणीच नसतं, त्यामुळे ठोसा बसला की बॅग सरळ चालायला लागते आणि रेलच्या टोकाला जाऊन आदळते. हाही माणूस नव्हे, हा पळपुटा.

इथे माझा धंदा कामाला येतो. ट्रॉलीला तेलाचा शॉक ॲब्सॉर्बर जोडला की ती वेगाला विरोध करते. जोरात ढकललंत तर जोरात अडवते, हळू ढकललंत तर हळू. बॅग मागे जाते आणि थांबते, झुलत बसत नाही. त्याच्या जोडीला एक अगदी मऊ स्प्रिंग लावली की ती सावकाश मूळ जागेकडे येते. गाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये आणखी एक सोय असते. दबताना तो एका जोरानं अडवतो आणि उघडताना वेगळ्या जोरानं, कारण खड्ड्यात जाणं आणि खड्ड्यातून वर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅगलाही तेच लागू होतं. जाताना मोकळी, येताना रोखलेली. ठोसा बसला की प्रतिस्पर्धी पटकन एक पाऊल मागे जातो, पण परत आत यायला बिचकतो. तेल ज्या भोकातून जातं ती भोकं दोन दिशांना वेगळ्या मापाची ठेवली की हा बिचकणारा स्वभाव बॅगला देता येतो. आणि कडीच्या वर फिरती कडी हवी, पण तीही थोडी घट्ट. बाजूनं मारलेल्या ठोशानं बॅग भोवऱ्यासारखी फिरू नये, माणसाच्या खांद्याइतकी वळावी आणि थांबावी. इथे टांगत्या मल्लखांबाची साखळी मला सारखी आठवत होती.

आम्ही शेडमध्ये ही जोडणी केली. जुना गर्डर, ट्रॉली, एका दिशेची रेल. फार मोठा शोध लावला असं म्हणणार नाही. रेलवर चालणाऱ्या बॅगा जगात इतरत्रही आहेत. पण मुलांच्या पायांत जो फरक पडला तो बघण्यासारखा होता. पूर्वी ठोसा मारून ती जागेवर उभी राहत, कारण बॅग परत येणार हे ठाऊक होतं. आता ठोसा मारला की बॅग पाऊलभर लांब गेलेली असते. दुसरा ठोसा मारायचा तर स्वतः आत शिरावं लागतं, तोल न सोडता. जे शिकायला पूर्वी दुसऱ्या मुलाचं डोकं लागत होतं, त्यातलं थोडं लोखंड आणि तेल यांवर शिकता येऊ लागलं. सगळं नाही. ही बॅग उलट मारत नाही, हूल देत नाही, डोळ्यांत डोळे घालून बघत नाही. त्यासाठी माणूसच हवा. पण माणूस किती वेळा वापरायचा हे आता मास्तरांच्या हातात आलं.

हे सगळं झाल्यावर आपल्या मल्लखांबाकडे बघताना मला जरा हुरहूर वाटते. त्याचं बरं चाललेलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. १९८१ मध्ये उज्जैनला राष्ट्रीय स्पर्धा झाली. २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. मुली मोठ्या संख्येनं खेळतात. आमच्या तमिळनाडूत विळुप्पुरमची तमिळ मुलं असे काही डाव करतात की दादरकरांनी मान डोलवावी. पुरलेला, टांगता आणि दोरीचा, तिन्ही प्रकार जिवंत आहेत. आता गुण मिळतात ते सफाईला, अवघडपणाला, तोलाला.

पण या वाटेवर एक प्रश्न मागे राहिला. हा खांब कुणाच्या जागी उभा आहे? तो प्रश्न विचारणारे उस्ताद होते तोवर खांब बदलत राहिला. पुरलेल्याचा टांगता झाला, टांगत्याचा निराधार झाला, प्रत्येक बदल एका नव्या धड्यासाठी. कुस्ती मॅटवर गेली, खांब मंचावर गेला, दोघांची ताटातूट झाली आणि खांबाची घडण जिथे होती तिथे थांबली. साधन आपलं काम विसरलं की ते सुंदर दिसू शकतं, पण पुढे वाढत नाही.

म्हणून एक सांगणं आहे. बेळगावात, इंदुरात, हैदराबादेत, बडोद्यात, जिथे कुठे तुमची मुलं काही लढायला शिकत असतील, तिथे एकदा शिकवणाऱ्यांना विचारा की समोर जे पोतं किंवा जो खांब आहे तो नेमका काय शिकवण्यासाठी आहे. आणि तिथे गेलात की बॅगकडे बघू नका, वर कडीकडे बघा. पक्की ठोकलेली असेल तर नेम शिकवला जातो आहे. साखळी झुलत असेल तर ताल. फिरत असेल तर तोल. सरकत असेल तर पाय. चारही धडे चांगले आहेत. पण चारांपैकी कुठला चालू आहे हे शिकवणाऱ्याला ठाऊक असावं. नाहीतर तो राहिलेला धडा मुलं एकमेकांच्या डोक्यावर गिरवतात.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.